तोच माल, रंग वेगळा

मला लाल आणि तपकिरी यांतला फरक कळत नाही. भोईवाड्यातल्या आमच्या घरात हे उघडकीला आलं ते हिंदमाताच्या कापडबाजारामुळे. आईने डाळिंबी साडी पिशवीत घालून मॅचिंग ब्लाउजपीस आणायला पाठवलं होतं. मी ऐटीत घेऊन आलो आणि तिने कपाळावर हात मारला. "मेल्या, ह्यां काय हाडलंस? ही तर तपकीर!" तेव्हापासून घरात रंगाचा विषय निघाला की मला चहा टाकायला पाठवतात.

अशा माणसाने समुद्री गोगलगायी ओळखायला जाणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पण छंद मूळचा बायकोचा. शंख नसलेल्या, बोटाएवढ्या या गोगलगायी म्हणजे रंगांची नुसती उधळण, असं ती सांगते. मी विश्वास ठेवतो. दरवर्षी गावाला, मालवणला गेलो की आम्ही डायव्हिंग करतो, दोघांची जोडी लावून. यंदा मात्र बोटीत चढतानाच तिने बजावलं, "आज काही भलतंच दाखवलंस ना, तर उद्या मी त्या दादरच्या मुलीबरोबर उतरणार. तिला रंग तरी दिसतात." दादरची ती मुलगी आमच्याच बोटीत बसली होती. बायको हसत होती, मला काही हसू आलं नाही. पाण्याखाली तिच्या शेजारी तरंगण्याची मी वर्षभर वाट बघतो.

खाली गेल्यावर तिने खडकावरची एक तपकिरी गोगलगाय दाखवली. थोडं पुढे, एका अंधाऱ्या कपारीत टॉर्च मारला तर दुसरी सापडली, म्हणे लालभडक. तिने दोन बोटं नाचवली. दोन जाती! मला दोन्ही सारख्याच मातकट. मी आपला साडी बघावी तसा आधी काठ बघितला, मग बुट्टे, मग पाठीवरचा कल्ल्यांचा तुरा. सगळं तेच. मी एकच बोट वर केलं. तिने पाण्यातच कपाळावर हात मारला, अगदी सासूसारखा.

बोटीवर आल्या आल्या ती कडाडली. "अरे, एक तपकिरी, एक लाल! शेंबड्या पोराला पण कळेल."

"पहिलीवर टॉर्च मारला होतास?" मी विचारलं.

तिने हातातल्या टॉर्चकडे बघितलं. खोल पाण्यात लाल रंग सगळ्यांत आधी नाहीसा होतो आणि टॉर्चशिवाय परत दिसत नाही, हे मला तिनेच शिकवलं होतं. म्हणजे तेवढ्या खोलीवर सगळं जग माझ्यासारखंच होतं. या विचाराने मला इतका आनंद झाला की सांगायची सोय नाही.

दुसऱ्या फेरीला ती तडक त्याच खडकाशी गेली. गोगलगाय नशिबाने तिथेच होती. टॉर्च पडल्यावर ती लाल झाली की नाही, मला काय कळणार? मास्कमागचे बायकोचे डोळे मोठे झाले, त्यावरून कळलं. तिने माझ्याकडे न बघताच एक बोट वर केलं.

"थोडी फिकी आहे हां पण," वर आल्यावर ती म्हणाली.

"तागा तोच," मी म्हणालो. "एक साडी जरा जास्त धुतलेली."

तेवढ्यात दादरची मुलगी सरकत जवळ आली. "ताई, उद्या आपण दोघी उतरायचं ना?"

"नको गं," बायको म्हणाली. "तुला रंग दिसतात."