चाचांच्या अंगठ्याखालचा पत्ता

चित्राचा पत्ता दाखवताना चाचा अंगठा कधी उचलत नसत. खालच्या कडेवर तो घट्ट दाबायचे आणि म्हणायचे, "पहले चेहरा देखो, भाभी. मंग सवाल करो."

मला त्या अंगठ्याचाच संशय होता.

बदनापूर स्टेशनबाहेर त्यांची घड्याळ दुरुस्तीची टपरी. आता घड्याळं कोण दुरुस्त करतं? तरी टपरीपुढं सल्ला विचारायला बाया उभ्याच. रद्दीतल्या एका पुस्तकात चाचांना हा एकच पत्ता सापडला होता. त्यांनी तो लॅमिनेट करून काचेच्या पेटीत ठेवलेला. चित्रात एका पायावर उभा माणूस, दुसरा पाय मुडपलेला, हात पाठीमागं, डोक्याभोवती उजेड. बाया म्हणायच्या, नाचणारा फकीर आहे. तुमच्याही गावात असं एखादं माणूस असेल, ज्याला विचारल्याशिवाय कुणाचं पान हलत नाही.

मी तेव्हा बीएस्सीचं दुसरं वर्ष संपवलेलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, हे मी अजूनही मान वर करून सांगते. एकदा घड्याळाचा पट्टा तुटला. "जल्दी करा चाचा, तिसऱ्या वर्षाचा फॉर्म आणायचाय. दहाच दिवस राह्यलेत."

"गाडी कुठं जात न्हाई, बेटी," म्हणत त्यांनी सावकाश पिन बसवली. गाडी गेली.

दुसऱ्याच दिवशी केदारखेड्याचं स्थळ आलं. लग्न लगेच, शिक्षण बंद. वडील राजी. आई म्हणाली, चाचांना विचारते, आणि मी तिच्या मागं निघाले. स्थळ आणणारा मध्यस्थ रोज सकाळी त्याच टपरीवर चहा प्यायचा. त्यानं चाचांना आधीच गाठलं असणार, अशी माझी खात्री.

चाचांनी पत्ता धरला. अंगठा जागेवर. "बारा दिवस ठैरो. हां बी न्हाई, ना बी न्हाई."

"ते लोक थांबायचे न्हाईत, चाचा," आई म्हणाली.

"बारा दिवस न्हाई ठैरत, ते जनमभर काय ठैरतील?"

मी त्यांच्या हातातून पत्ता ओढलाच. अंगठ्याखाली रोमन बारा, उलटा. पत्ता फिरवला तर फकीर गायब. झाडाला एका पायानं टांगलेला माणूस!

"उलटा धरून राह्यलेत तुम्ही! आकडा बारा, म्हणून बारा दिवस. बिलकुल फसवाफसवी."

"मालूम है," चाचा म्हणाले. "सरळ धरला तर बाया घाबरतात. पण रस्सी पायात हाय बेटी, गळ्यात न्हाई. चेहरा बघ. आपल्या मर्जीनं लटकलाय. दुनिया खालून कशी दिसते, पाहून राह्यला."

घरी येऊन मोबाईलवर शोधलं. टॅरो नावाचे भविष्याचे पत्ते असतात, त्यातला हा बारावा. अर्थ असा, की घाई सोडावी, आपणहून थांबावं, गोष्ट दुसऱ्या बाजूनं बघावी. म्हणजे चाचांचं बराबर होतं. माझा संशय उलट वाढला. एवढं कळणारा माणूस पट्टे का बसवतो?

आई मात्र बारा दिवसांवर अडून बसली. स्थळवाले सातव्या दिवशी दुसरीकडं गेले. नवव्या दिवशी मी फॉर्म भरला.

पदवीचे पेढे द्यायला गेले तेव्हा चाचा म्हणाले, "पत्त्याची मेहेरबानी." मी मनात म्हटलं, सगळ्यांनाच बारा सांगत असतील. माझं जुळलं, एवढंच.

यंदा उन्हाळ्यात चाचा गेले. शेजारच्या काकू डोळे पुसत होत्या. मी विचारलं, "तुम्हाला पण बारा दिवस थांबायला सांगितलं होतं ना?"

"थांबायला? मला तर म्हणले, मालकाला घेऊन आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. म्हणून तर हे वाचले."

आणखी दोघींना विचारलं. बारा दिवस कुणालाच सांगितले नव्हते. फॉर्मला दहाच दिवस राह्यलेत, हे चाचांना मीच सांगितलं होतं.

मी आता नोकरीला जालन्याला जाते. टपरी बंद आहे. काचेच्या पेटीत पत्ता अजून तसाच, उलटा. गाडीला वेळ असला की मी वाकून बघते. अंगठा घासून घासून तिथलं प्लॅस्टिक आंधळं झालंय. आकडा वाचता येत नाही.