ऊबदार तळवे

शेजारची मुलगी चेन्नईहून कुंभकोणमला सुट्टीला आली, की आमच्या बाळाला घेण्याआधी तळवे घासून गरम करते. “सवय, अक्का. स्कॅनसाठी भूल देऊन झोपवलेला उंदीर लगेच गार पडतो.” प्रयोगशाळेत ती उंदरांना कॅन्सर देते आणि औषधाने गाठ आटते का, ते न कापता, जिवंतपणीच स्कॅनवर बघते.

काल आमच्या पिंजऱ्यात उंदीर सापडला. बुडवायला मी बादली भरली, तर तिने पिंजराच हिसकावला. “ह्याला कशाला मारता, अक्का? ह्याने काय केलंय?” कावेरीकाठी सोडून आली.

मग तिच्या उंदरांनी काय केलं होतं? असं मनात म्हणत मी बादली मोरीत ओतली.

हात धुऊन, तळवे घासून तिने बाळासाठी हात पुढे केले. बाळ झेपावलं. मी मात्र त्याला घट्ट धरून ठेवलं. का, ते मला अजून कळलेलं नाही.