वडिलांच्या नावाचा रकाना

"वहिनी, नवऱ्याचं नाव ऱ्हाऊ द्या. आधी माहेरचं सांगा," असं म्हणून तो चष्मा कपाळावर चढवायचा आणि फॉर्म भरायचं पेन खाली ठेवायचा. पेन खाली ठेवलं की समोरच्या बाईला कळायचं, घाई नाही. मग बायका लाजायच्या, एकमेकींकडे बघायच्या आणि कित्येक वर्षांत कुणी हाक न मारलेलं नाव हळूच सांगायच्या. पेणच्या एसटी स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात दर मंगळवारी हा प्रकार चालायचा. त्या काळात तुम्ही तिथे पाण्याची बाटली घ्यायला थांबला असाल, तर तुम्हीही पाहिला असेल.

मला तो माणूस आवडत नसे. हे आधीच सांगून टाकतो. पुढे त्याच्याविषयी बरं काही लिहिलं गेलं तर ते नाइलाजानं लिहिलंय, असं समजा.

मी पेणमधल्या एका हायस्कुलात क्लार्क होतो. दाखला, रेशनकार्ड, पेन्शन, कसलाही अर्ज असो, आळीतला माणूस माझ्याकडे यायचा. माझं अक्षर छापल्यासारखं. निवृत्त झाल्यावर तर मी ओटीवर टेबलच मांडलं होतं. लोक 'भाऊसाहेब, भाऊसाहेब' करत यायचे आणि मला ते फार गोड लागायचं.

आणि रोह्याहून हा गृहस्थ उगवला. सीमेकडच्या डोंगरांत रस्ते बांधणाऱ्या खात्यात तो जन्मभर स्टोअरकीपर होता. लडाख, सिक्कीम, अरुणाचल हे सगळं त्याला आपल्याला रोजच्या वाटेवरचं खांब-कोलाड असावं तसं पाठ. तिकडच्या कितीतरी भागांत परवान्याशिवाय सोडत नाहीत. त्यासाठी कुठला फॉर्म, किती फोटो, कुठल्या चौकीवर कुठली प्रत द्यायची, हे तो चहावर सांगायचा. डोलवीच्या कंपनीतली पोरं बाइकवरून लडाखला जायचं म्हणून शिफ्ट संपवून, हेल्मेट काखेत मारून त्याच्यासमोर उभी असत.

"सात झेरॉक्स काढा."

"सात कशाला काका?"

"वर थंडीत माणसाचं तोंड उघडत नाय. कागदानं बोललं पायजे."

पोरं हसायची आणि सात काढायची. मी दोन सांगितल्या तर माझ्याशी हुज्जत घालायची. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तरी माझ्या ओटीवरची माणसं एकेक करून स्टँडकडे वळली. मला हेवा वाटला. साठी उलटलेल्या माणसाला शोभू नये इतका वाटला.

तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायचो. मनात नाही.

मग आमच्या महिला मंडळानं तवांगची सहल ठरवली आणि आमची मंडळीही नाव देऊन आली. तिला सहलीचं कौतुक नव्हतं. तिचा मोठा भाऊ सैन्यात होता. तवांगच्याही वरच्या एका चौकीवर असताना बर्फाच्या कड्याखाली सापडला. घरी आली ती त्याची ट्रंक. तिथे म्हणे जवानांच्या नावांचा एक दगड आहे. तो दगड तिला एकदा बघायचा होता. इतक्या संसारात तिनं माझ्याकडे हट्टानं मागितलेली ही एकच गोष्ट.

मंगळवारी ती झेरॉक्सच्या दुकानातून आली ती चेहरा बदलूनच.

"अहो, त्यांनी दादाची चौकी पाह्यलीय. खालून, पण पाह्यलीय."

पुढच्या मंगळवारी मी मागोमाग गेलो. ती त्याला सांगत होती, की दादा सुट्टीवर आला की गावातल्या शेताच्या बांधावर तिला सायकल शिकवायचा. तो पेन खाली ठेवून ऐकत होता. हिला सायकल येते हे मला पस्तीस वर्षांत माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं हे खरं, पण त्या क्षणी राग आला तो त्याचाच.

घरी येऊन मी म्हटलं, "घरात लिहिणारा माणूस असताना बाहेर कशाला? तुझा फॉर्म मी भरतो."

तवांगचा परवाना सगळ्या बायकांचा एकत्र निघणार होता. वरच्या चौकीसाठी मात्र जवानाच्या सख्ख्या नातेवाइकानं सैन्याकडे वेगळा अर्ज करायचा होता. तो अर्ज मी दुपारी बसून माझ्या छापील अक्षरात भरला. नाव लिहिलं सुलभा. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं मीच ते लिहिलं होतं. वडिलांच्या नावाच्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं. हसू नका. आपल्याकडे लग्न झालं की बाईच्या नावामागे नवरा लागतो आणि तो तिथे इतका मुरतो, की त्या जागी पूर्वी कुणी होतं हे हातालाही आठवत नाही. स्टँडवरच्या त्या काकानं उघडून चुका काढू नयेत म्हणून मी पाकीट डकवलं आणि स्वतः पोस्टात टाकलं.

सहलीला तीन आठवडे उरले असताना उत्तर आलं. जवानाच्या कागदात बहिणीचं नाव चंद्रभागा, अर्जदार सुलभा. वडीलही निराळेच. सबब नातं सिद्ध होत नाही.

तिनं पत्र उभ्यानंच वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "म्हंजे मी त्याची कुणीच नाय."

आम्ही पत्र घेऊन त्याच्याकडे गेलो. त्यानं ते वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. त्याला सगळं कळलं हे मला कळलं. मग तो तिच्याकडे वळला.

"वहिनी, चूक माझी झाली. बापाच्या नावाचा रकाना मी नीट समजावला नाय."

मी तिथेच उभा होतो. तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रोह्याहून आला आणि आम्ही दोघं एसटीनं गागोदे बुद्रुकला गेलो. तिचं माहेर तिथलं. शाळेपर्यंतच्या चढावर तो चार वेळा थांबला. दम्यानं छाती वाजत होती. मुख्याध्यापकांनी जुनं रजिस्टर काढलं. त्यात ती होती: चंद्रभागा, पुढे तिच्या वडिलांचं नाव, इयत्ता पहिली. त्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "बघा, हिकडं हाय तुमची बायको."

दाखला मिळाला. आता प्रतिज्ञापत्र हवं होतं. त्यानं कागद माझ्यापुढे सरकवला.

"भाऊसाहेब, अक्षर तुमचं चांगलं. तुम्ही लिवा."

मी लिहिलं, की सुलभा म्हणून ओळखली जाणारी माझी पत्नी हीच चंद्रभागा. लिहिताना लक्षात आलं, हे नाव मी या आधी एकदाही लिहिलं नव्हतं.

परतीच्या एसटीत मी वाट बघत होतो, हा आता बोलेल. त्याच्या जागी मी असतो तर समोरच्याची चूक मी ड्रायव्हरपर्यंत पोचवली असती. तो एवढंच म्हणाला, "तुमचे दोन फोटो द्या. वहिनींच्या सोबतीचं तुमचंपण करतो. अजून वेळ हाय."

"गुडघे दुखतात माझे," मी म्हटलं. गुडघे ठणठणीत होते. पण त्याच्या हातून परवाना घेणं माझ्या जिवावर येत होतं.

परवानगी आली आणि ती गेली. परत आल्यावर तिनं पिशव्याही सोडल्या नाहीत. म्हणाली, "आधी रोह्याला जाऊन येऊ."

तो अंथरुणावर होता. तिनं स्टूल ओढून घेतलं आणि सांगत सुटली. दगडावरचं दादाचं नाव सातव्या ओळीत आहे, तिनं त्याच्यावरनं हात फिरवला, एका शिपायानं तिला गरम पाणी दिलं. तो मधेच विचारायचा, "वळणावरचा झरा गोठलेला व्हता का?" ती म्हणायची, "व्हय, अर्धा." दोघं त्या रस्त्यानं वर वर जात राहिले. मी खुर्चीत पोह्यांची बशी घेऊन बसलो होतो. मला ना तो झरा माहीत, ना ते वळण. तिच्यासोबत तिथे पोचायचा हक्क त्याच्यापेक्षा माझा जास्त होता आणि मी तो दोन फोटोंपायी घालवला होता.

दिवाळीच्या आधी तो गेला.

आता लोक पुन्हा माझ्या ओटीवर येतात. "काका असते तर एका फटक्यात सांगितलं असतं," असं माझ्या तोंडावर म्हणतात आणि मी मान डोलावतो.

त्याच्या दहाव्याला आम्ही रोह्याला जाऊन आलो. घरी पोचल्यावर मी तिला सांगितलं. "तो अर्ज त्यांनी पाहिलाही नव्हता. रकाना मी चुकवला होता."

ती दाराशी चपला काढत होती. चपला तिनं नीट ओळीत लावल्या.

"मला काय सांगताय," ती म्हणाली. "ते व्हते तेव्हा त्यांच्यासमोर सांगायचं व्हतंत."