मटारांची गोधडी

माणसाला थंडी वाजू नये म्हणून गोधडी घालणारे घरोघर असतात. पण थंडीच पळून जाऊ नये म्हणून तिच्या अंगावर गोधडी घालणारा माणूस सगळ्या जालना जिल्ह्यात एकच, आणि ते म्हणजे आमचे साडू. जालन्याला एका मोठ्या कंपनीचं दुकान आहे. भाजीपासून बनियनपर्यंत सगळं एका छपराखाली, ढकलगाडी घेऊन हिंडायचं आणि शेवटी रांगेत उभं राहायचं, तसलं. तिथली वीज, एसी आणि फ्रिज सांभाळायचं काम साडूंकडे होतं. माझी बायको आपल्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. ते मला गुरुजी म्हणतात, कारण मी वडीगोद्रीच्या शाळेत शिकवतो, आणि त्यांच्या मते रिकाम्या वर्गात पंखे फिरवत ठेवणारी जमात ती आमचीच.

दाजी आमच्याकडे आले की पाय धुवायच्या आधी फ्रिजच्या दारावरून हात फिरवतात. एकदा रबर जरा सुटलेलं त्यांच्या हाताला लागलं, तर चहा घ्यायला तयार होईनात. "गुरुजी, तुमी सगळ्या गल्लीला थंड करून राह्यले," म्हणाले. त्यांच्यासमोर फ्रिज उघडायचा तर काय काढायचं ते आधी ठरवावं लागतं. माझी बायको एकदा दार उघडून 'काय बरं घ्यायचं होतं' असा विचार करत उभी राहिली, तर त्यांनी तिच्या हातून दार लावून घेतलं आणि आठवेपर्यंत तिला ओट्यापाशी उभं केलं. आष्टीला आमच्या मेव्हण्याच्या लग्नात तर कहरच झाला. भर दुपारी मांडवात शेकड्यांनी दिवे झगझगत होते. दाजींना ते बघवेना. त्यांनी हळूच मागे जाऊन बटण बंद केलं. मांडववाल्याला वाटलं लाईट गेली, आणि त्याने धाडधाड जनरेटर चालू केला. इतका धूर झाला की नवरदेव खोकायला लागला. दाजी त्या दिवशी जेवले नाहीत. "आपल्यामुळं डिझेल जळलं," एवढंच परतीच्या जीपमध्ये दोनदा म्हणाले.

कंपनीच्या दुकानात दारातच मोठा फलक होता, त्यावर हिरव्या अक्षरांत 'पृथ्वी वाचवू या'. दाजींनी तो फलक शब्दशः मनावर घेतला. असं करणारे कंपनीत ते बहुधा एकटेच असावेत. गावाकडची, घनसावंगीची मोसंबी आधी कंपनीच्या लांबच्या गोदामात जायची, तिथे अंगावर कंपनीच्या नावाची चिकटी लावून घ्यायची आणि तोच रस्ता तुडवून जालन्याला विकायला यायची. दाजी ती हातात घेऊन उलटीपालटी करत. "हिचं झाड आन् हे दुकान, मधी तासाभराचा रस्ता. आन् ही पोरगी अर्धा महाराष्ट्र फिरून आली." सामानाचे ट्रक अर्धे रिकामे यायचे, त्याचंही त्यांना फार लागायचं. मॅनेजरला त्यांनी सरळ सांगितलं होतं, "साहेब, तुमच्या गाड्या सोडणाऱ्याला आठ दिवस घनसावंगीच्या जीपवाल्याकडं शिकाया धाडा. त्यो शेवटचं शिट भरल्याबिगर चावीला हात लावत न्हाई." मॅनेजर हसला. दाजी विनोद करत नव्हते.

पण त्यांचं खरं दुखणं होतं त्या चार पेट्या. गोठवलेले मटार, पराठे, आइस्क्रीम ठेवायच्या, बारा बारा हात लांब, वरून सताड उघड्या. गिऱ्हाइकाला हात घालायला सोपं जावं म्हणून कंपनीनं झाकणंच घेतली नव्हती. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बिनझाकणाची थंडी! दाजींनी झाकणांसाठी अर्जांवर अर्ज केले. उत्तर एकाचंही आलं नाही. शेवटी त्यांनी सुतळीनं पेट्यांचं माप घेतलं आणि घरी जाऊन बायकोपुढे ठेवलं. अक्का, म्हणजे माझी मेव्हणी, मापाकडे बघतच राहिली. "एवढा लांब माणूस कोण हाय?" तिनं विचारलं. पण शिवल्या. जुनी लुगडी जोडून, आतून प्लास्टिक लावून, चार गोधड्या. एकीला आमच्या सासूबाईंचं हिरवं लुगडं लागलं. त्या गेल्यापासून अक्कानं ते ट्रंकेत जपून ठेवलं होतं. दुकान बंद झालं की दाजी चारी पेट्यांवर गोधड्या घालायचे आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत कडा खोचत जायचे. सकाळी त्या ओलसर झालेल्या असायच्या, म्हणून मागच्या कंपाउंडवर उन्हात टाकायचे. निवृत्तीला वर्ष उरलं होतं, आणि दाजींना जगाकडून एकच गोष्ट हवी होती. "म्या जायच्या आधी या पेट्यांला झाकण पाह्यजे गुरुजी. माझ्या मागं गोधडी कोण घालतंय?"

आणि एके दिवशी हेडऑफिसच्या बाई सकाळीच आल्या, न कळवता. कंपनीचा धूर आणि वीज कमी करायचं काम त्यांच्याकडे होतं. मागच्या दारानं शिरल्या तर कंपाउंडवर चार गोधड्या वाळत घातलेल्या. दुकानात कुणीतरी बिऱ्हाड केलंय असंच त्यांना वाटलं. "इथे कोण झोपतं?" त्यांनी करड्या आवाजात विचारलं. मॅनेजर दाजींकडे बघू लागला. दाजी पुढे झाले. "मटार झोपते बाई."

गोधड्या ताबडतोब फेकून द्या, स्वच्छतेच्या नियमात हे बसत नाही, असं बाई म्हणाल्या. त्यांचं चूक नव्हतं. दाजी वाद घालायला गेले नाहीत. "फेकतो. पण धा मिनटं द्या," म्हणाले. ऊन खाऊन सुकलेली एक गोधडी त्यांनी आणली, एका पेटीवर घातली, कडा खोचल्या, शेजारची उघडीच ठेवली. गाणी बंद करायला लावली, एसी बंद केला, बाकीच्या दोन पेट्याही घडीभर बंद ठेवल्या. "आता ऐका." सगळ्या दुकानात आवाज असा दोन मोटारींचाच. थोड्या वेळानं झाकलेल्या पेटीची मोटार थांबली. उघडीची चालूच होती, धापा टाकत. बाई एका पेटीजवळ वाकल्या, मग दुसरीजवळ, मग पुन्हा पहिलीजवळ. नंतर त्यांनी विचारलं, "ही शिवली कुणी?" हे सांगताना दाजी अजूनही लाजतात. "घरच्यांनी," असं म्हणून त्यांनी मान खाली घातली म्हणे. गोधड्या फेकायचं बाईंनी मग पुन्हा काढलं नाही.

पावसाळा सरता सरता काचेची सरकती झाकणं आली, जालन्यालाच नाही, कंपनीच्या सगळ्या दुकानांत. कंपनीच्या गुळगुळीत पुस्तकात जालन्याच्याच पेट्यांचा फोटो छापून आला. त्यात दाजी नाहीत, त्यांचं नाव नाही. मला राग आला आणि मी तो बोलून दाखवला. दाजी मात्र फोटोच्या कोपऱ्यात नख टेकवून दाखवत होते. तिथे बोटभर हिरवं दिसत होतं. "सासूबाईचं लुगडं. बराबर आलंय." मोसंबी अजून फिरूनच येते, ट्रकही रिकामे धावतात, पण झाकणं लागली.

दाजी निवृत्त होऊन घनसावंगीजवळच्या आपल्या गावी राहायला गेले, गोधड्या घेऊन. त्या कुठल्याही माणसाला होत नाहीत, कुठल्याही खाटेला होत नाहीत. गेल्या हिवाळ्यात आम्ही सगळे तिकडे गेलो होतो. सकाळी गार वारं सुटलं, तेव्हा अक्कानं ती हिरवी गोधडी काढली, आम्हाला ओसरीवर भिंतीला टेकून ओळीनं बसवलं आणि सगळ्यांच्या गुडघ्यांवरून एकच लांब पसरली. इतकं ऊबदार मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. दाजी उठले आणि या टोकापासून कडा खोचत निघाले, माझी, माझ्या बायकोची, मुलांची, शेवटी अक्काची. शेवटची कड खोचून झाली तरी ते तसेच वाकून आणखी दोन पावलं पुढे गेले, आणि थांबले. पुढची पेटी तिथे नव्हती.

अक्कानं ते पाहिलं. ती थोडी सरकली आणि गोधडीचं टोक उचलून धरलं. "या, बसा आता," ती म्हणाली. "हितं जागा हाय."