मिस्त्रींचा पाडव्याचा भाव

नारायण मिस्त्री तोंडानं कधी भाव बोलले नाहीत. खांद्यावरचा टावेल दोघांच्या हातांवर टाकायचा आणि आतून समोरच्याची बोटं दाबायची. एक बोट म्हणजे दहा रुपये, पाचाच्या पुढं पुन्हा पहिल्या बोटापासून. वडील बैलबाजारात दलाल होते, तिथली रीत यांनी मोटारींना लावली. माझी लष्करी लिलावातली जुनी जीप उंद्रीहून चिखलीला सवाऱ्या न्यायची. ती वर्षभरात कुठंही, कितीही वेळा बंद पडो, मिस्त्री सायकलला हत्यारं बांधून येणार, असा आमचा सौदा. तो दर गुढीपाडव्याला नव्यानं ठरायचा.

ठरायचा म्हणजे त्यांनी दाबायचं आणि मी सोसायचं. दहा कोसांत दुसरा मिस्त्री नव्हता. पाचाची सहा बोटं झाली, सहाची सात. मी कुरकुरलो की म्हणायचे, "गाडी तुही म्हातारी होऊन राह्यली भाऊ, मी काऊन स्वस्त होऊ?" जीप विकावी तर घरात चूल कशावर पेटणार?

एका पाडव्याला त्यांनी आठ दाबली आणि माझं डोकं फिरलं. मी हात ओढून घेतला. टावेलाखालून हात ओढला की सौदा मोडला. वर्षभर पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही. बायको म्हणाली, "लय शहाणे! आता गाडी अडली त कोणाच्या दारात जासान?" पुढचे आठ महिने मी रस्ता पाहिलाच नाही, नुसता इंजिनाचा आवाज ऐकत गाडी हाकली.

मार्गशीर्षात नवरदेवासकट जीप रस्त्यात बसली. मुहूर्त टळत चाललेला, नवरदेवाचा बाप माझ्या सात पिढ्या उद्धरत होता. कोणीतरी सायकल पिटाळून मिस्त्रींना आणलं. त्यांनी घाम पुसला आणि तोच टावेल पसरला. आता हा माणूस मला सोलणार, असं मनात म्हणत मी हात पुढं केला. शंभर मागितले असते तरी दिले असते. आत दोनच बोटं दाबली गेली.

"पाडव्याले चार महिने राह्यले, तेवढ्याचेच," बॉनेट उघडत ते म्हणाले. "अडल्या माणसासंग सौदा करत नसतात, भाऊ."

त्या दिवसापासून मी खरा अडकलो. पुढच्या पाडव्याला त्यांनी बिनदिक्कत आठ दाबली, नंतर नऊ, आणि मी पैसे मोजत गेलो. चिखलीत निम्म्या दराचं गॅरेज निघालं, तरी तिकडं जायला पाय उचलेना. राग यायचा त्यांचा. मायाही तितकीच होती, आणि ती सांगायची सोय नव्हती.

मग एका पाडव्याला गेलो तर मिस्त्री ओट्यावर बसलेले, टावेल खांद्यावरच.

"यंदा सौदा नाही. डोयानं नट दिसत नाही आता. तू चिखलीवाल्याकडे जाय."

इतकी वर्षं हीच सुटका मागत होतो. मी त्यांचा हात धरला आणि चारचौघांदेखत दहा बोटं दाबली. मग अकरा, मग बारा. मिस्त्री हात सोडवून घेत होते आणि मी सोडत नव्हतो.