श्रीगोंद्याची हिरवी लिंबं, कर्जतची गाडी आणि आत्याबाई

...आणि म्हणूनच मी म्हणत होते, लिंबासाठीसुद्धा ट्रिप काढता येते! कमेंट्समध्ये हसलात ना सगळे? आता ऐका.

नगरला बचत गटांचं प्रदर्शन होतं. एका लोणच्याच्या स्टॉलवर नाव होतं 'काटेवाली'. मी थांबलेच. स्टॉलवरच्या मनीषाताईंनी हात पुढे केले, कोपरापर्यंत नुसते ओरखडे. "लिंबं तोडून असं हुतं. गावातली पोरं चिडवायची, आल्या काटेवाल्या! म्हटलं बरंय, नाव फुकटात मिळालं." मग सहज म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात आमचा माल दुबईला चाललाय. पहिल्यांदाच गटाच्या स्वतःच्या नावावर. या की बघायला." मी काय, एका पायावर तयार!

शनिवारी सकाळी नगरच्या माळीवाड्यावरून श्रीगोंद्याची एसटी पकडली. (मुलींनो, आपल्याला हाफ तिकीट आहे, विसरू नका.) जानेवारीची थंडी आणि बसची एक खिडकी लागतच नव्हती, त्यामुळे स्वेटर मस्ट. कारखान्यांचा सीझन चालू आहे, म्हणून रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. ओव्हरटेक करायला जागाच नसते, वेळ जरा जास्त धरा. स्टँडवर ताई स्कूटीवर घ्यायला आल्या. त्यांचे मिस्टर साखर कारखान्यात आहेत, सीझनमध्ये त्यांना एक दिवसही सुट्टी नसते.

बाग बघून मी वेडी झाले. आणि लिंबाबद्दल मला झिरो माहिती होती हेही कळलं. आपल्या मार्केटला झाडाखाली पडलेलं पिवळं, रसाचं लिंबू चालतं, ते नुसतं वेचायचं. दुबईला मात्र हिरवं, कडक लागतं, झाडावरून कात्रीने देठासकट कापलेलं. म्हणजे काट्यांत हात घालणं आलंच. मीही ट्राय केलं. पाचव्या लिंबाला रक्त.

दुपारी जेवायला हुलग्याची शेंगोळी, बाजरीची भाकरी आणि काटेवालीचं लोणचं. फक्त त्या जेवणासाठी परत जाईन.

संध्याकाळी घोळ झाला. पॅक केलेला एक बॉक्स ताईंनी सहज उघडला, तर वरच्या थरात पिवळीधमक लिंबं! मग दुसरा उघडला, त्यातही तेच. गटातल्या सगळ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कोपऱ्यात ताईंच्या सासूबाई बसल्या होत्या. ताई त्यांना आत्याबाई म्हणतात.

"आत्याबाई, ही तुमी टाकली?"

"मीच टाकली. परक्या मुलखात कच्ची लिंबं धाडता? लोकं नावं ठेवतील. वरून तरी चांगली दिसू द्या!"

हसून हसून वाट लागली, पण सगळे बॉक्स परत उघडावे लागले. तेवढ्यात गावातले एक व्यापारी बाईक लावून आत आले. "कशाला ताप करून घेता, वहिनी? माझ्या नावावर जाऊ द्या. घरबसल्या पैसे."

ताईंनी मान वर केली नाही, लिंबं निवडतच म्हणाल्या, "आजपर्यंत तुमच्याच नावावर गेली की, भाऊ. ती लिंबं आमची हुती हे कुणाला ठाव हाय का?"

ते गेले. जाताना म्हणाले, "बघा, तिथं बायांचं काम न्हाई."

रविवारी सकाळी टेम्पोने कर्जतकडे निघालो (आपलं नगरचं कर्जत, मुंबईजवळचं नाही). तिथल्या पॅकहाऊसमधून कोल्ड गाडी मुंबईला एअरपोर्टवर जाते. आत्याबाई पण टेम्पोत चढल्या, म्हणे माल नजरेआड करायचा नाही. मांडीवर कापडी पिशवी गच्च धरलेली.

पॅकहाऊसचा मॅनेजर तरुण होता, बोलायला एकदम सज्जन. बॉक्स बघून खूश झाला. मग म्हणाला, "पहिलाच माल आहे, मुंबईला तपासणीच्या वेळी मालक हजर लागेल, सही तिथेच होईल. गाडीबरोबर कोण चाललंय?"

"मी."

"तसं नाही ताई. घरातलं कुणी जेंट्स?"

"मिस्टरांचा सीझन चालूय. आन् मालक मी हाय."

"मला काही प्रॉब्लेम नाही हो. पण एकटी बाई, ड्रायव्हर, रात्रीचा रस्ता. उद्या काही झालं तर लोक मला विचारतील. गाडी चारला निघते, तोवर बघा कुणी मिळतंय का. नाहीतर त्या व्यापाऱ्यांना फोन करा, त्यांचा माणूस नेहमी जातो."

ताईंचा चेहरा मी विसरणार नाही. काट्यांना न घाबरणारी बाई, आणि अडलं कशावर, तर गाडीतल्या सीटवर! मी म्हटलं, मी येते सोबत. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, तुम्ही तर अजूनच लहान."

तेवढ्यात मागून आवाज आला. "आन् मी?"

सगळे वळले. आत्याबाई पदर खोचून गाडीच्या दारापाशी उभ्या. "मी बसते. मला ते उडतं इमान बघायचंय."

ड्रायव्हर हसला. "मावशी असतील तर चालतंय की, साहेब. मग काय टेन्शन न्हाई."

"का रं?" आत्याबाई त्याच्याकडे वळल्या. "मी बाई न्हाई व्हय? एक बाई चालत न्हाई आन् दोन चालत्यात?"

मॅनेजरने होकारार्थी मान हलवली. ड्रायव्हरने आत्याबाईंना हात देऊन वर चढवलं, मागोमाग ताई चढल्या. चारला गाडी निघाली. बॉक्सवर मोठ्या अक्षरांत 'काटेवाली', आणि खिडकीतून आत्याबाई मला हात करतायत, जणू त्याच दुबईला चालल्यात.

मी मिरजगावमार्गे एसटीने नगरला परत आले. दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन. "पास झाला माल! सही मीच केली. आन् आत्याबाईंनी काय करावं? पिशवीतनं पिवळं लिंबू काढून तपासणीवाल्या साहेबाच्या हातावर ठेवलं. म्हणाल्या, ह्ये घ्या, खरं लिंबू."

माझ्या हातावरचे ओरखडे आता पुसट झालेत. पण ती सीट काही डोक्यातून जात नाही. पुढचा माल पंधरा दिवसांनी आहे. आत्याबाईंचे गुडघे सुजलेत, 'आता न्हाई बाई' म्हणतात. माझी आई म्हणते, सासूने साथ दिली, किती छान! मलाही छानच वाटलं. मी ताईंना म्हटलं, पुढच्या वेळी एकट्याच बसा. त्या हसल्या. "मी तर तयार हाय. गाडीवाल्यानं नेलं पायजे ना."

आता तुम्ही सांगा. ताईंच्या जागी तुम्ही असता, तर पुढच्या वेळी सोबतीला कुणीतरी शोधलं असतं, की एकटीच जाणार म्हणून गाडीच्या दारात उभ्या राहिला असता?