बांध कुणी कोरला?

माझे चुलते तात्या कुठेही गेले की आधी एक डोळा मिटायचे. मांडवाचे खांब, देवळाची पायरी, नवऱ्या मुलाचा भांग, सगळं त्या एका डोळ्याखालून जायचं. आमच्या गावात, लासुर्ण्यात, उसाच्या सऱ्या पाडणारे ट्रॅक्टरवाले पोलिसापेक्षा तात्यांना जास्त भ्यायचे. सरी चार बोटं जरी सरकली तरी तात्या ट्रॅक्टर थांबवून म्हणायचे, "तुझा बाप बी असाच वाकडा चालायचा. समदं बेण्यात असतंय बाबा!"

ऊस असो की माणूस, बेणं बघितलं की पुढचं सगळं कळतं, असं ते मानत. हा नियम स्वतःच्या घराण्याला लावायची वेळ मात्र त्यांच्यावर कधी आली नव्हती.

आमच्या आणि निवृत्तीआबांच्या शेतांमध्ये एक बांध आहे. आबा म्हणजे तात्यांचे चुलतभाऊ. दोघं एकाच सायकलवर शाळेला गेलेले, एकाच दिवशी बोहल्यावर चढलेले. माझ्या आजोबांना म्हातारपणी एकाएकी दिसलं, की आबांनी बांध कोरलाय, आमच्या बाजूला सरकवून वाकडा केलाय. सकाळी म्हणाले जांभळीपाशी कोरला, दुपारी म्हणाले विहिरीपाशी. सरकारी मोजणी आणली, तर हद्दीचे दगड जागच्या जागी. आजोबांनी मोजणीवाल्यालाच फितूर ठरवलं. बापाचा शब्द खाली पडू नये म्हणून तात्यांनी भर चावडीत सांगून टाकलं, "आजपासनं निवृत्तीचं तोंड बघणार न्हाय!" माणूस इतका सरळ, की शब्दही वाकू दिला नाही. अठरा वर्षं, समोरून आबा आले की तात्या मान फिरवून ऊस बघत.

मग तात्यांनाही बांध वाकडा दिसू लागला. "माझा बाप खोटं बोलत नव्हता बघ," ते मला फोनवर म्हणाले. आवाजात चक्क आनंद होता. पण आठवड्याभरात त्यांनी स्वतःच्या दाराची चौकटही वाकडी ठरवली आणि सुताराला शिव्या घातल्या, तेव्हा मला वेगळाच संशय आला. मी बारामतीत एका डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते.

तात्यांना बोलावून घेतलं आणि बारीक चौकटी आखलेला कागद हातात दिला. एक डोळा मिटा, असं त्यांना सांगावं लागलं नाही.

"मधल्या रेघा कुणी कोरल्या?" त्यांनी विचारलं.

रेघा सरळच होत्या. डॉक्टरांनी समजावलं, की वयाबरोबर डोळ्याचा पडदा मधोमध खराब होतो आणि जिथे बघाल तिथेच रेघ वाकते. विडीनं हे वाढतं, आणि काहीसं रक्तातूनही येतं. कोणत्या जनुकांमुळे धोका वाढतो याचा चिनी लोकांमध्ये बराच अभ्यास झालाय, आपल्याकडे त्या मानानं कमी.

"म्हंजे चीनच्या म्हाताऱ्यांचं बेणं तपासलं आन लासुर्ण्याचं न्हाय," तात्या म्हणाले. "तरीच चीनचं बी आपल्याशी बांधावरनंच भांडण हाय."

डॉक्टर हसले. तात्या हसले नाहीत. बाहेर बाकावर बसल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "पोरी, माझ्या बापाला बी हेच झालं असंल?"

"असेल तात्या. आता खात्रीनं कोण सांगणार?"

"जांभळीपाशी, मंग हिरीपाशी," ते पुटपुटले. "जितं बघंल तितं."

इंजेक्शनं सुरू झाली. मी म्हणायची, आबांकडे चला. तात्यांचं एकच, "डोळं बरं हुंदे. माफी मागायची तर तोंडाकडं बघून मागावी." डोळे काही बरे झाले नाहीत. वर्षभरात नजरेचा मधला भाग पार गेला. शेवटी मीच त्यांना हाताला धरून बांधावरून नेलं. आबा जांभळीखाली बसले होते.

"निवृत्ती, बांध सरळ हाय रं," तात्या म्हणाले. "चूक आमची हुती."

आबांनी बांधाकडे नजर टाकली. मग म्हणाले, "न्हाय तात्या, वाकडाच हाय. दोन म्हैनं झालं, मला बी दिसतोय. मला वाटलं, तूच कोरला. भांडायला येणार हुतो, पण आपलं बोलणं बंद!"

दोघं हसून हसून बेजार झाले. मला मात्र रडू आवरेना. तात्यांनी हात पुढे करून आबांचा चेहरा चाचपला. "शब्द मोडला न्हाय बघ म्या. तोंड दिसतच न्हाय तुजं."

आबांना मी दुसऱ्याच दिवशी बारामतीला आणलं. त्यांचा एक डोळा वाचला.

तात्या गेल्या वर्षी गेले. शेवटचं तोंड बघायला आबा सगळ्यांच्या आधी आले. गेलेला डोळा मिटून, वाचलेल्या डोळ्यानं ते तात्यांकडे बघत उभे राहिले. लोक निघायची घाई करत होते, पण आबा हलले नाहीत.